आईला धरायची पकड

कुंडल,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेशमे,

खुशाल असशील. दहिवडीला अजून गारठा आहे का? इकडं आता पहाटेच तेवढा जाणवतो, दहा वाजले की ऊन चावायला लागतं. ऊसतोड जोरात आहे. दिवसभर ट्रॅक्टर जातात आणि मांडणीतली भांडी वाजत राहतात. भावजींना मुंबईहून रजा मिळाली का? तुझ्या शाळेतल्या पोरी अजून सतरंजीवरच कोलांट्या मारतात, की हेडमास्तरांनी मॅट आणून दिली?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "हं, बोल की" म्हणतेस आणि माझी दातखीळ बसते. कागदावर थांबता तरी येतं.

आधी साताऱ्याचं सांगते. परवा रविवारी तिथं जुजुत्सूची जिल्हा स्पर्धा होती. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. नेसायला आईची जांभळी इरकल काढली. शाल, नारळ, फेटा, सगळं झालं. माईकवरचा गडी म्हणाला, "आशियाई रौप्यपदक विजेत्या, निवृत्त खेळाडू संयोगिताताई!" निवृत्त म्हटल्यावर मी मागं वळून बघितलं, कोण म्हातारं माणूस आलंय म्हणून. तेहतीस वर्षांची आहे गं मी.

खुर्चीवर बसून कुस्ती बघणं लय अवघड. समोर एखादी पोरगी गळ्याखाली हात शिरू द्यायला लागली की माझी हनुवटी आपोआप खाली जाते. शेजारच्या सरपंचांना वाटलं, मला डुलकी लागली.

मग म्हणाले, दोन शब्द बोला. मी काय बोलणार? गेलेल्या वडलांचं, दादांचं सांगितलं. फौजेतले हवालदार लालासाहेब, सुट्टीवर आले की कुंडलच्या कुस्ती मैदानात उतरायचे, आणि मी लांब डोंगराच्या उतारावर बायकांच्यात बसून बघायची. मातीत उतरायचं म्हटलं की आई कान धरायची. मग कॉलेजला सांगलीला आले आणि तू मला ओढत माधवनगरला नेलंस, त्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमधल्या जुजुत्सूच्या क्लासला. कोपऱ्यात अजून कापसाचा भुसा होता, शिंका यायच्या. पहिल्याच दिवशी तू छातीवर बसून मला असं दाबलंस, की मला वाटलं ही भांडतेय. मग तू हसलीस. तिथनं पुढं दहा-बारा वर्षं आपण दोघी रोज एकमेकींच्या मानगुटीवर. हे सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या, खरंच.

अबुधाबीच्या फायनलचं मात्र सांगितलं नाही. तुला ठाऊक आहे. समोरचीनं मान पिळली, मॅटवर दोन थापा मारून हार मानायची, तर ते मला जमलं नाही. मानेत कट् झालं आणि डावा हात बधिर. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, पुन्हा लढलात तर हात कायमचा जाईल. तू रडलीस, मी नाही. मी गावी आले. त्याच वर्षी आईची एक बाजू वाऱ्यानं गेली. भावकीतले म्हणाले, बरं झालं, बनुबाईची लेक घरी आली. सगळ्यांना माझी मान मोडल्याचा फायदाच दिसला.

आईनं माझी एकही लढत कधी बघितली नाही. पदक घेऊन आले तर म्हणायची, "पोरीच्या जातीनं आसं भुईवर लोळायचं आसतंय व्हय?" तिला उचलायची वेळ आली तेव्हा माझी पंचाईत झाली. ती अंगानं भरलेली, आणि मला तर वजन उचलायला बंदी. एके सकाळी मी कॉटवर तिच्या मागं जाऊन बसले. एक हात खांद्यावरनं, दुसरा काखेतनं, दोन्ही तिच्या छातीवर गुंतवले, गाल तिच्या पाठीला लावला आणि कमरेनं मागं रेटलं. आपली पाठीवरची पकड, दुसरं काय. आई कापसासारखी वर आली.

"कुठं शिकलीस गं हे?"

"माधवनगरला."

"लोळाय जात हुतीस तवा?"

"व्हय."

तिनं चांगल्या हातानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं शिकलीस."

त्यानंतर रोज तेच. कॉटवरनं खुर्चीत, खुर्चीतनं अंगणात उन्हाला. कधीकधी बसती झाल्यावर म्हणायची, "आत्ता सोडू नगं, संयू. आशीच धर जरा." मग आम्ही दोघी तशाच बसून राहायचो. ती शेंगा निवडायची, एका हातानं.

*

काल इथवर लिहिलं आणि उठले. उगीचच अंगण झाडलं, झाडलेलंच.

संक्रांतीपासून तू दोनदा विचारलंस, काकू कशा आहेत. दोन्ही वेळा मी मोबाईलवर नुसता अंगठा पाठवला. रेशमे, आई गेली. मार्गशीर्षातच गेली.

दुपारी तिला उन्हात न्यायला उठवत होते. नेहमीसारखीच धरली होती. "पाठीला ऊन बरं वाटतंय," एवढं म्हणाली, आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मॅटवर समोरचीचं अंग सैल पडलं की पंचाच्या आधी आपल्या हाताला कळतं, आणि आपण तिथल्या तिथं सोडतो. पहिल्या दिवशी सरांनी आपल्याला तेच शिकवलं होतं. मला कळलं होतं. मी सोडलं नाही.

शेजारच्या शालूबाई ताक द्यायला आल्या तेव्हा मी तशीच बसलेली. त्यांनी माझी बोटं एक-एक करून उकलली. "पोरी, सोड आता तिला. जाऊ दे," म्हणत होत्या.

तुला कळवलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस. म्हणूनच कळवलं नाही. तू येऊन जाणार, मग दार लावून मी आत. ते नको वाटलं.

लोक आले, हात जोडले, चहा पिऊन गेले. मला जेवण जात नाही असं नाही. झोप लागते. शेत वाट्यानं दिलंय, त्याचीही काळजी नाही. पण तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर वेडी म्हणतील: माझ्या अंगाला कुणाचा हातच लागत नाही. एवढी वर्षं कुणी ना कुणी मला धरून होतं. आधी तुम्ही सगळ्या, मग आई. वास, घाम, कुणाचं कोपर बरगडीत. आता दुकानातसुद्धा मोबाईलनं पैसे जातात, हाताला हात लागत नाही. मधे कासारणीकडं गेले, बांगड्या भरायला. तिनं हात दाबून दाबून भरल्या. आठवड्यानं पुन्हा गेले. ती बघतच राहिली.

आता साताऱ्याचं राहिलेलं सांगते. बक्षिसं वाटून झाली, मांडव सुटायला लागला, तेव्हा पोलीस खात्यातली प्रियांका म्हणून एक आली. खुल्या गटात पहिली आलेली, दोन लेकरांची आई. म्हणाली, "ताई, तुमची ती मागची पकड दावा की."

मी म्हटलं, माझी मान जाईल. तूच मला लाव, हात कुठं हवा ते सांगते.

पदर खोचला आणि मॅटवर बसले. ती मागं बसली. एक हात खांद्यावरनं आला, दुसरा काखेतनं. हात गुंतले. तिची छाती माझ्या पाठीला टेकली, कानाजवळ श्वास लागला.

"ताई, बरोबर हाय का?"

मी तिच्या हातावर दोन थापा मारल्या.

तिनं झटक्यात सोडलं. घाबरली. "लागलं का? मान दुखली? आवं, म्या तर जोरच लावला न्हाई!"

"न्हाई लागलं."

"मग टॅप का केलं?"

तोंड पदरानं पुसलं आणि म्हटलं, "परत धर."

तिनं धरलं. ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही. शहाणी बाई आहे. मांडववाले खुर्च्या रचत होते, आणि आम्ही दोघी मॅटवर बसून होतो.

साताऱ्याच्या स्पर्धावाल्यांनी दर रविवारी शिकवायला बोलावलंय. विचार करून सांगते, असं मी म्हणाले होते. आज सकाळी हो म्हणून कळवलं. लढायचं नाही, नुसतं बसून कुणाचा हात कुठं हवा ते सांगायचं, एवढंच. जमेल बहुतेक.

तू ये. तुझ्या पोरीला घेऊन ये, चार दिवस राहा. दुखवट्याला म्हणून येऊ नकोस, दारात रडू नकोस, काकू कशा गेल्या हेही पुन्हा विचारू नकोस, इथं लिहिलंय तेवढंच आहे. आलीस की चप्पल काढायच्याही आधी मला धर. घट्ट धर. मी थापा मारल्या तरी सोडू नकोस.

तुझीच,
संयू
(या नावानं हाक मारणारी आता तू एकटीच आहेस.)