कानटोपीखालचं यंत्र

१८ नोव्हेंबर २००६, शनिवार

माझी चप्पल वाजते! इतकी वर्षं हे पायताण फरफटत हिंडतोय आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही. दवाखान्याच्या जिन्यावर मागून कोणीतरी येतंय म्हणून दोनदा वळून बघितलं. मीच होतो.

यंत्र मिळालं. काजूएवढं आहे. कानामागे बसतं, त्यातून एक नळी कानात जाते. तिथल्या मुलीनं आधी एक वायर माझ्या कानाला आणि दुसरं टोक कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावरची रेघ तिनं वर ओढली की जगाचा आवाज वर, खाली ओढली की खाली. कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं काढली, डोंगराएवढी मशिनं बघितली, पण असलं काही बघितलं नव्हतं! तिनं पुष्कळ काय काय समजावलं – बॅटरी, पाणी, टोपी, फोन. मी कुठला ऐकतोय? मी पंखा ऐकत होतो.

भूषणनं हट्टानं घ्यायला लावलं. म्हणाला, बाबा, आपला टीव्ही खालच्या मजल्यावरचे फुकट ऐकतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदनेला गेलो. यंत्रासकट. आज एक शोध लागला. सगळे एका सुरात म्हणतात आणि मी एकटाच दोन शब्द पुढे असतो. किती वर्षं असा पुढे पळतोय कोण जाणे! आज थांबत थांबत म्हटलं. माझ्या डाव्या हाताला एक बारीक, स्वच्छ आवाज होता. कोणाचा म्हणून बघितलं तर कांता. बायकोचा आवाज ओळखू आला नाही मला. डोळे भरून आले. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

२१ नोव्हेंबर

फ्रिज घरघरतो. ट्यूब गुणगुणते. पेपरचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्यासारखा आवाज. सकाळी मोरी केवढ्यानं वाजली! आणि फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येतो. स्वयंपाकघराच्या दारात तेवढ्यासाठी उभा राहिलो. कांता म्हणाली, काय हवंय. म्हटलं, काही नाही.

२४ नोव्हेंबर

डोकं उठलं. मिक्सर, कुकर, खाली हायवेचे हॉर्न, वर कोणाचं तरी ड्रिलिंग. वारज्यात रोज एक बिल्डिंग उगवते, तिची बातमी आता थेट माझ्या कानात. जेवताना ताटवाट्यांचा दणदणाट. यंत्र काढून डबीत ठेवलं. सगळ्यांना सांगितलं – मला जमत नाही.

भूषणचं तोंड उतरलं. दीपाली, आमची सूनबाई, शांतपणे म्हणाली, "ठेवा बाबा. ट्रेडमिलच्या शेजारी जागा आहे." ट्रेडमिलवर आमच्या घरात कपडे वाळतात.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको असं झालंय. पण दुसरं कोणाला सांगणार?

सकाळी थंडी होती. फिरायला निघताना वाटलं, रस्त्यावर पक्षी तरी ऐकू. गुपचूप यंत्र लावलं आणि वरून कानटोपी ओढली. नाहीतर फिरायचा सोबती नागोराव टर उडवणार. बाकावर तो मधेच मान वर करून म्हणाला, कुठला तरी बारीक आवाजाचा पक्षी आहे. मला नाही आला ऐकू. यंत्रालाही मर्यादा असणारच.

घरी आलो, टोपी तशीच, पेपर घेऊन बसलो. माझी खुर्ची स्वयंपाकघराकडे पाठ करून असते. भूषण-दीपाली कंपनीच्या बसनं हिंजवडीला गेलेले. घरात आम्ही दोघंच. आणि मागून कोणीतरी बोलायला लागलं. आधी वाटलं रेडिओ. मग कळलं, कांता! माझ्याशी! माझ्या पाठीशी!

"आज भाजीत मीठ जास्त पडलंय बघ. तू काय बोलायचा न्हाईस म्हणा. तुला जेवताना कधी कळलंय काय खातोयस ते?"

तू! चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला 'अहो'शिवाय हाक मारली नाही. आणि पाठीमागे अरेतुरे! शिवाय लोणी काळभोरची, माहेरची बोली. ती मी लग्नाच्या मांडवात शेवटची ऐकली असेन. सुनेसमोर कशी शुद्ध बोलते!

मी पेपरमधली मान हलवली नाही. ती बोलत राहिली. माहेरच्या विहिरीबद्दल, बहिणीच्या सुनेबद्दल, माझ्या मिशीबद्दल (काढून टाकायला हवी आहे म्हणे). मी तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो. मी बहिरा झाल्यापासून ही अशीच बोलत असणार. आणि मी समजत होतो, घरात शांतता आहे.

२९ नोव्हेंबर

टोपी घालूनच बसलो. पुन्हा बोलली. यंत्राची डबी टेबलावर झाकण लावून ठेवलीय, आत काही नाही.

४ डिसेंबर, सोमवार

तिनं माझं नाव घेतलं.

भांडी विसळता विसळता. "दशरथ, आता थंडीचं पांघरूण काढाया पायजे." नाव घ्यायचं म्हटलं की हळदीकुंकवाच्या... नाही, आमच्यात ते नाही, पण कुणाच्या लग्नात उखाण्याचा आग्रह झाला की ही पदर तोंडाला लावून पळून जायची. आणि आज काय सहज! जसं काही रोजचंच.

मी साठी उलटलेला माणूस. छाती धडधडत होती. नोकरीत नाव पुकारलं जायचं हजेरीला, बँकेत पुकारतात. पण आपलं नाव असंही ऐकू येऊ शकतं!

६ डिसेंबर

दीपाली चहाच्या वेळी भूषणला हळूच म्हणाली, आई हल्ली एकट्याच बोलतात, वय झालं आता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मनात म्हटलं, हल्ली नाही ग पोरी, तुला आता कळलं एवढंच.

९ डिसेंबर, शनिवार

पोरांनी मॉलमध्ये नेलं. मायक्रोवेव्ह घ्यायचा होता. मॉल म्हणजे काय चीज! भर दुपारी दिवे, डिसेंबरात एसी, आणि दोनशे जातीचे साबण. तिथे लोक विकत घ्यायला येतात की नुसते बघायला, कळत नाही. सरकता जिना बघून मी लहान मुलासारखा दोनदा वरखाली केला. पायरी पायाखालून उगवते आणि पायाखालीच मावळते!

कांता पहिल्याच खेपेला वर पोहोचली आणि कठडा धरून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, सवय नाही हो. दीपालीनं पाणी दिलं. नंतर लिफ्टनं उतरलो.

१० डिसेंबर, रविवार

पोरं सिनेमाला गेली. मी खुर्चीत, टोपी घालून. ती माझ्या मागे लसूण सोलत होती. मग म्हणाली –

"त्या जिन्याचं काय न्हाई. डोळ्याम्होरं अंधारीच येती. मागल्या महिन्यात मोरीत पडले, तवा कुणीच नव्हतं घरात. थोड्या वेळानं आपोआप उठले. पोरांना सांगितलं तर रजा काढून पळत बसतील. असंच जाईल एक दिवस. जाऊ दे."

लसणाची सालं कुरकुरत होती. तेही ऐकू आलं.

मला उठून तिला धरायचं होतं. उठलो नाही. उठलो तर तिला कळणार, मी ऐकतोय. मग ही पुन्हा 'अहो, चहा ठेवलाय' एवढ्यावर येणार, आणि पुढची अंधारी आली तरी मला पत्ता लागणार नाही. न उठावं तर मोरीत पडलेल्या बायकोकडे पाठ करून बसलेला नवरा मी. आड आणि विहीर म्हणतात ते हेच.

११ डिसेंबर

रात्रभर तिच्या श्वासाकडे बघत होतो. ऐकू येत नाही – झोपताना यंत्र काढतो – म्हणून बघत होतो.

सकाळी युक्ती सुचली. फ्रिजच्या दारावर पिझ्झाच्या नंबराशेजारी भूषणच्या कंपनीचं एक कुपन कधीपासून लटकतंय. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची संपूर्ण तपासणी, जोडप्याला सवलत. भूषणनं कितीदा विनवलं! आम्ही दोघांनी उडवून लावलं होतं – धडधाकट माणसानं कशाला सुया टोचून घ्यायच्या? आज मीच ते काढलं आणि कांतासमोर धरलं. म्हटलं, छातीत जरा कसंतरी होतंय. जाऊन येतो. पण एकट्याला भीती वाटते.

खोटं बोललो. भीती वाटते एवढं मात्र खरं.

तिनं हात पुसले. लगेच म्हणाली, "येते मी."

१६ डिसेंबर, शनिवार

माझं सगळं ठीक. तिची छातीला वायरी लावून पट्टी काढली आणि तिथल्या मुलीनं पट्टी हातात धरून कोणाला तरी फोन केला. डॉक्टर स्वतः आले, खोदून विचारलं तेव्हा मोरीतलं पडणं तिनं सांगितलं. हृदयाला ठोक्याचा हुकूमच नीट पोहोचत नाही म्हणाले. वरून निघतो, मधेच अडतो. आता घरी सोडणार नाही. मी विचारलं, उशीर झाला असता तर? ते म्हणाले, पुढच्या वेळी त्या आपोआप उठल्या नसत्या.

पेसमेकर बसवायचा ठरलं. भूषण येईपर्यंत मी तिच्या खाटेशी बसलो. यंत्र उघड घातलं होतं, टोपीबिपी नाही. डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर ऐकायला हवं होतं. तिनं यंत्राकडे बघितलं, काही विचारलं नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

आत नेलंय. बाहेर बसून लिहितोय. भूषण माझ्या खांद्याला खांदा लावून बसलाय. ती नसेल तर हे कानात घालून करू काय?

१९ डिसेंबर

झालं! डॉक्टरांनी मला तसलं दुसरं यंत्र हातात दिलं बघायला. मनगटी घड्याळाएवढं, गुळगुळीत. हे कॉलरबोनच्या खाली कातडीत ठेवतात, तिथून वायर थेट काळजात. ठोका वेळेवर आला तर हे गप्प बसतं, चुकला तरच आठवण करून देतं. आमच्या फोरमनला एवढी अक्कल असती तर!

तिच्या गालावर किती महिन्यांनी रंग दिसला. मीही आजवर बघितलं नव्हतं की तो गेला होता. माणसानं हे कसं केलं असेल? कोणी पहिल्यांदा विचार केला असेल, की थांबणाऱ्या काळजाला बाहेरून हाक मारता येईल? मी त्या गृहस्थाला मनोमन हात जोडले. नंतर बाहेर जाऊन कॅन्टीनचा तो भयानक चहा दोन कप प्यायलो.

५ जानेवारी २००७, शुक्रवार

कांता घरी आहे, छान आहे. जिना चढते. मी यंत्र दिवसभर उघड घालतो, मिक्सरची सवय झाली. भूषण खूश.

पण ती बोलत नाही. म्हणजे बोलते – औषध घेतलं, दूध आलं, पेपर आला. अहो, अहो. 'दशरथ' नाही. हे होणार हे मला ठाऊकच होतं. जीव वाचला तिचा, आणखी काय पाहिजे? पाहिजे. इथे खोटं कशाला लिहू?

८ जानेवारी, सोमवार

राहवलं नाही. डबी टेबलावर झाकण लावून ठेवली, मोठ्यानं म्हटलं, कंटाळा आला या यंत्राचा. मोरीत जाऊन परत लावलं, वर कानटोपी, आणि पाठ करून बसलो. पेपर उलटा होता, नंतर सरळ केला.

पाच मिनिटं झाली नसतील. "दशरथ, हे छातीतलं कधी कधी जाणवतंय बघ. भ्याव न्हाई वाटत. कुणीतरी सोबतीला असल्यागत वाटतंय."

टोपी कपाळावर ओढून घेतली. डोळे दिसायला नकोत.

१३ जानेवारी, शनिवार

यंत्र दाखवायला गेलो, भूषण बरोबर. टोपी घालूनच गेलो, थंडी आहे. खोलीत शिरताच ती मुलगी हसली. म्हणाली, "काका, टोपी काढा आधी. केवढ्यानं शिट्टी मारतंय!" मी म्हटलं, कोण?

यंत्रच. वर काही झाकलं, दाबलं की ते शिट्टी मारतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. तो आवाज इतका बारीक असतो की माझ्या कानांना तो कधीच येणार नाही. जवळच्या माणसाला मात्र स्वच्छ येतो. भूषण म्हणाला, मला वाटायचं आईचा कुकर.

नागोरावचा पक्षी!

१४ जानेवारी, रविवार

पोरं बाहेर गेल्यावर कांतासमोर बसलो. तोंड तिच्याकडे करून. टोपी हातात. विचारलं, शिट्टी ऐकू यायची का.

"पहिल्या दिवसापासून."

मग मला सांगितलं का नाहीस?

ती तिळगुळाचा लाडू वळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगतच तर होते."