मागच्या काचेबाहेरची जागा

मी, काकासाहेब सांडू दांडगे, वय बासष्ट, धंदा फळांची वाहतूक, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, आणि असे म्हणत म्हणत कागदांवर माझ्या सह्या घेतात. माझे डोके शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. फूस लावायला आलेला माणूस होता, पण त्याची हकीकत पुढे येईल.

वकील अश्लेषाबाईंनी सांगितले की मृत्युपत्रात एवढे सगळे लिहायचे नसते. मी म्हणालो, बाई, कलमे तुमची राहू द्या, मधली जागा माझी.

हर्सूलचे दोन खोल्यांचे घर व पुढचे पत्र्याचे शेड माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नी साळूबाई हिचे, व तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी प्रेरणा हिचे. दौलताबादजवळची वडिलोपार्जित जमीन मी व माझा धाकटा भाऊ गोकुळ यांच्यात पूर्वीच वाटली गेली. विहिरीकडचा तुकडा त्याने मागितला, मी दिला. तो मी परत मागत नाही. लिहून मात्र ठेवतो.

बँकेत जे काही असेल ते साळूबाईचे. "वहिनी, वहिनी" करत कोणी गोड बोलत आला तर त्यातले काही त्याच्या हाती देऊ नये. आमचे वडील गेले तेव्हा गोकुळ शेंबडा पोर होता. साळूबाई लग्न होऊन घरात आली ती त्याला आधी वाढायची, मग मला. त्याच्या तापात ती उशाशी बसून राहिली. हे तिला आठवत असेल, त्याला आठवत नाही.

आता पिकअपची बाब.

माझ्या पांढऱ्या पिकअपची मागची काच गेल्या पावसाळ्यापासून गळत होती. पाणी रबराच्या कडेने आत शिरून थेट चालवणाऱ्याच्या पाठीवर पडायचे. माझ्या छातीचे दुखणे सुरू झाल्यापासून गाडी प्रेरणा चालवते. ती सकाळी जाधववाडीच्या मार्केटला पेरू पोचवून ओल्या पाठीने घरी यायची. सिलिकॉन फासून पाहिले, पण पाणी दुसरीकडून वाट काढायचे. सीटला कुबट वास लागला होता. गेल्या रविवारी गोकुळ नवे रबर घेऊन आपण होऊन आला आणि म्हणाला, "दादा, आज ही काच काढूच. पोरीची पाठ भिजायली." मला भरून आले. लोक काहीही म्हणोत, माझा भाऊ माझा आहे, असे मी त्याच्यासमोरच साळूबाईला बोलून दाखवले.

गळती शोधायला दोन माणसे लागतात. एकाने सगळ्या काचा वर करून आत बसायचे, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचे, आणि पाणी शिरेल तिथे आतल्याने खडूची खूण करायची. मी आत बसलो. चालवणाऱ्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात वरच्या बाजूला थेंब धरला. खूण करायला मी तोंड जवळ नेले, आणि ज्या फटीतून पाणी येत होते त्याच फटीतून गोकुळचा आवाज आला. त्याच्या एका हातात नळी होती, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला होता. काचा बंद आहेत म्हटल्यावर मला ऐकू जाणार नाही असे त्याने धरले होते. पलीकडे इंद्रजीत होता, जुन्या गाड्यांचा दलाल.

"गाडी पक्की समज. काच गळायली होती, ती आजच बंद करून घेतो, गिऱ्हाइकाला काय नाय कळत. दादाची सही ऑपरेशनच्या आधी घेतो, गाडीवर बी अन् शेडवर बी. लई भोळा हाय, मी म्हणन तिथं सही करतो. पोरीचं काय? लगीन लावून देऊ. वहिनी जाईल भावाकडं, सिल्लोडला."

मग तो हसला. मी खडू हातात धरून बसून राहिलो. नळी चालू होती, पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आले.

त्याच वेळी उतरून त्याची गचांडी धरायला हवी होती. पण प्रेरणा समोरच पेरूचे क्रेट उचलत होती, आणि माझ्या छातीचा भरवसा नव्हता. शिवाय काच काढून नव्या रबरात बसवायची होती. रबराच्या खाचेत दोरी घालून काच चौकटीला लावतात. मग आतला माणूस दोरी ओढत जातो आणि बाहेरचा तळहातांनी काच दाबत जातो. म्हणजे ज्याने आत्ताच माझी गाडी, माझी मुलगी आणि माझी बायको निकालात काढली, त्याचे तोंड माझ्या तोंडासमोर, मध्ये फक्त काच. "हळू ओढ दादा, रबर फाटन," तो म्हणाला. किती मायेने म्हणाला! मी हळू ओढली.

पुन्हा पाणी सोडून पाहिले. एकही थेंब आत आला नाही. बाहेर गोकुळचे ओठ हलत होते, ऐकू काहीच आले नाही. उतरल्यावर त्याने विचारले, "गळतंय का?" मी म्हणालो, "नाय गळत आता."

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. मी म्हणालो, ऑपरेशननंतर बघू. "दादा, माझ्यावर भरोसा नाय का?" "हाय की," मी म्हणालो. त्याच्याशी मी आयुष्यात बोललेले हे पहिले खोटे.

म्हणून सदर पिकअप मी प्रेरणाला देतो. तिने ती चालवावी, विकावी, दारात उभी ठेवावी, तिची मर्जी. पाने, जॅक व बाकी हत्यारे तिचीच. काच बसवायची दोरी गोकुळला द्यावी. ती ओढायला आत बसणारा माणूस त्याने आपला आपण शोधावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी केशव पाठक यांनी करावी.

शेवटचे. माझे काही बरेवाईट झाले तर मला याच पिकअपमधून न्यावे. गाडी प्रेरणाने चालवावी, शेजारी साळूबाईने बसावे. बाईमाणूस कशाला, असे कोणी म्हटले तर त्याला हा कागद दाखवावा. गोकुळला कोणी अडवू नये. त्याने केबिनमध्ये बसायचे नाही. मागे हौद्यात, माझ्याजवळ बसावे. लहानपणी तो माझ्याशिवाय झोपत नसे. तिथे त्याला रडायचे असेल तर रडावे, मला जे सांगायचे असेल ते सांगावे. त्या दोघींना ऐकू जाणार नाही. काच मी स्वतः बसवली आहे.

हा मजकूर मी वाचून, समजून, खाली सही केली.

काकासाहेब सांडू दांडगे

त्यांनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत:
१. केशव दत्तात्रय पाठक, हर्सूल
२. मोतीराम भिका जाधव, हर्सूल

छत्रपती संभाजीनगर, गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५