बाई, मी पूर्णवेळ होणार नाही

बाई, आज मी शाळेत नकार देऊन आले. गारखेड्यातल्या ज्या शाळेत मी गाणं शिकवते, तिथल्या मोठ्या मॅडमनी मला जूनपासून पूर्णवेळ करायचं ठरवलं होतं. पूर्णवेळ म्हणजे गाण्याचे तास आहेतच, वर तिसरीचा परिसर अभ्यास, डबा खायच्या सुट्टीत देखरेख, आणि संध्याकाळी शेवटची बस सुटेपर्यंत फाटकापाशी उभं राहणं. पर्मनंट, मॅडम म्हणाल्या, आणि पाहुण्यापुढं लाडवाची वाटी सरकवावी तसा तो शब्द त्यांनी माझ्यापुढं सरकवला. मी हात लावला नाही. तुम्ही असता तर टपली मारली असती मला. मारा. पण आधी माझं सगळं ऐकून घ्या, कारण तुमच्या स्वयंपाकघरात कायम तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायची.

तालुक्याला, कन्नडला बाजार असला की आमचे दादा मला गावाहून एसटीनं घेऊन यायचे, तुमच्या दारात सोडायचे आणि भाजीची पोती घेऊन पुढं जायचे. बाजाराच्या दिवशी तुमची शाळा सकाळची. तुम्ही आल्या आल्या पदर खोचायचात, परात पुढं ओढायचात आणि मला उंबऱ्यापाशी बसवून म्हणायचात, "हं, लाव सा." पीठ मळता मळता माझा स्वर तपासायचात. तंबोरा आतल्या खोलीत कोपऱ्यात उभा, त्याला जुन्या लुगड्याची गवसणी. मी एकदा विचारलं, बाई, तो कधी काढायचा? "रिटायर झाले की. आत्ता कुणाला वेळ आहे बाई?" सातवी-आठवीच्या गणिताचे गठ्ठे तिथंच तांदळाच्या डब्यावर पडलेले असायचे.

आणि मग ती दुपार. तुम्ही मेथी निवडताय, तव्यावर भाकर आहे, आणि मला स्वर दाखवता दाखवता तुम्ही मला विसरता. मुलतानी. मला तेव्हा रागाचं नावही माहीत नाही, फक्त एवढं कळतंय की तुमचे हात थांबलेत आणि डोळे भिंतीवर आहेत, पण भिंत तुम्हाला दिसत नाहीये. शेजारची काकू विरजण मागायला आलीय ती वाटी घेऊन दारातच उभी. इतकं चांगलं गाणं मी त्यानंतर फार थोड्या वेळा ऐकलं, आणि शहरात येऊन मी पुष्कळ ऐकलंय. मग करपल्याचा वास आला. तुम्ही दचकलात, भाकर उलटली, काळी ठिक्कर. ती माझ्यापुढं धरून म्हणालात, "बघितलंस? असं होतं. आधी पर्मनंट हो, मग पाहिजे तेवढं गा." मी मान हलवली. तेरा-चौदा वर्षांची पोर आणखी काय करणार?

तुम्ही रिटायर झालात आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेलात. तुमच्या बहिणीनं तंबोरा मला दिला तेव्हा तारा गंजल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदा काढला होता तिनं. पण दम पुरत नाय म्हणून परत झाकून ठेवला." मला खरं सांगायचं तर रडू नाही आलं, संताप आला. एका भाकरीपायी, बाई? दुसरी थापली असती. मी थापली असती. तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नसतं.

म्हणून मी अर्धवेळच धरून बसले. सकाळची शाळा, बाराला सुटका. पहाटेचा रियाझ तुम्ही सांगायचात, तो मला कधी जमला नाही. पहाटे डबे असतात, आणि आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी यायचा दिवस असला की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम घुमायला लागतात, त्यात कुठला षड्ज आणि कुठलं काय. मी दुपारी गाते. नवरा वाळूजला कामावर, मुलगी कॉलेजात, घर माझं. एक ते चार मी दार लावून घेते आणि बेल वाजली तरी उठत नाही. कुरिअरवाले आता शेजारीच देऊन जातात.

सगळं बिघडलं ते गॅदरिंगच्या दिवशी. कार्यक्रम संध्याकाळचा, मी दुपारी मनसोक्त गाऊन तशीच शाळेत गेले. पोरांची पट्टी वेगळी असते, वरची, हे मी रोज पाळते. त्या दिवशी कानात माझीच पट्टी घुमत होती. पेटीवर हात ठेवला आणि स्वागतगीताला माझ्या काळी चारचा सूर देऊन मोकळी झाले. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरी खाली उतरते, तिथं पन्नास पोरांचा आवाज गपकन बंद. ओठ हलतायत, आवाज नाही. पाहुणे समोर, मॅडमचा चेहरा बघण्यासारखा. मी पट्टी बदलून परत सुरू केलं, पोरं खुशीत किंचाळली, झालं. पण मॅडम विसरल्या नाहीत.

आज केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "तुमचं अर्धं लक्ष घरी असतं. पूर्णवेळ झालात की हे असं होणार नाही. दुपारी असं करता तरी काय?"

"गाते."

"कुठं कार्यक्रम असतात?"

"नाही."

"क्लास घेता?"

"नाही."

"मग?"

"गाते, मॅडम."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, अर्धवेळाची जागाच आता राहणार नाही, जूनला दुसरं कुणी बघावं लागेल. मी म्हणाले, बघा. आवाज जराही हलला नाही माझा. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "लई भारी. आता घर कसं चालवायचं तेवढं पण गाऊन सांग." चिडले मी, पण त्याचं काही चूक नव्हतं. संध्याकाळी भांडण होणार आहे, आणि त्यातही मी मागं हटणार नाही. एखादी संध्याकाळची शिकवणी मिळेल, नाही तर नाही. दुपार मी कुणाला देणार नाही.

हे मी कुणाला धाडणार नाही, आणि धाडायचं तरी कुठं? त्यामुळं जे मॅडमना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, ते इथं लिहायला हरकत नाही. माझा गळा साधा आहे, बाई. तान अजून अडखळते, मुलतानीचा गंधार इतक्या वर्षांत एकदाही तुमच्यासारखा लागला नाही. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही तुमच्या भीतीपायी मला नोकरी धर म्हणालात. आता वाटतं, माझा गळा साधा आहे हे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं, आणि ते मला सांगितलं नाहीत. तुमचा गळा मोठा होता आणि तुम्ही थांबलात. मी बरी गाते, फक्त बरी. तेवढ्यासाठी आज मी नोकरी सोडून आले.