एम्रिस, पंप गळतोय

एम्रिस,

सकाळी घर शांत असताना टप टप ऐकू आलं. बॉयलरचा पंप गळतोय. जिन्याखालून तुला हाका मारल्या, पण तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. मग तुझ्या वडिलांच्या दफनापासून दाराशी पडलेली हत्यारांची पिशवी मीच उघडली आणि नट आवळला. आधी झडपा बंद करायच्या राहिल्या. आता धारच लागलीय. खालची बादली भरली की तेवढी ओत.

शेवटी डिलविन मिस्त्रीला बोलावलंय. "एम्रिसच्या घरी मी? अगं, अख्ख्या खोऱ्याचे बॉयलर तो दुरुस्त करतो, थट्टा करतेस होय?" म्हणाला. तुला ताप आलाय म्हटलं. दुसरं काय सांगणार? तुझ्या बॉयलरला दुसऱ्या मिस्त्रीने हात लावलेला तुला खपत नाही, ठाऊक आहे मला. पण बॉयलरविना घर गारठलंय, बाळाचे पाय गार पडलेत रे.

मुलांना घेऊन आईकडे जातेय. लीकच्या पातीचं सूप झाकून ठेवलंय. निदान दार उघडायला तरी ऊठ, राजा.

कोट घालता घालता एलेरी विचारतेय, "आई, बाबा कोणावर रुसलाय?"