साळिंदराचा उपवास

प्रिय मैने,

तुझ्या सत्काराचं निमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी अक्षरं आणि खाली तुझ्या हातची ओळ: 'साळू, आपल्या कॉलेजच्या दिवसांबद्दल तू व्यासपीठावर दोन शब्द बोललंच पाहिजेस.' हे नाव सदतीस वर्षांनी वाचलं. माझे केस आणि माझी जीभ, दोन्ही साळिंदरासारखी, म्हणून तूच ते ठेवलंस. तू सगळ्या सरांच्या हुबेहूब नकला करायचीस, म्हणून तू मैना. दोन्ही नावं किती चपखल होती, हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं!

कॉलेजमागच्या टेकडीवरचं साळिंदराचं ते बीळ आठवतं? संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी चाळलेली राख पसरायची, सकाळी उजाडताच तिच्यावरचे ठसे मोजायचे आणि वहीत लिहायचे. दिवसाला एक पान. आपले मार्गदर्शक सर म्हणायचे, 'पोरींनो, जनावर काय करतं ते वहीत लिहा, तुम्हाला काय वाटतं ते घरी आईला लिहा.' राख चाळायला मी, ठसे मोजायला मी. आठच्या आधी तू कधी पांघरुणातून बाहेर आल्याचं मला तरी आठवत नाही. तुझ्या पुस्तकात मात्र 'पहाटेच्या दवात भिजत मी बसून राहिले' याचं पानभर वर्णन आहे. वाचताना मलाच शिंक आली.

मग बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी वही तुझ्या हातात देऊन घरी गेले. 'नीट सांभाळ गं,' एवढंच म्हणाले. चांगलीच सांभाळलीस. परत आले तेव्हा तुझा प्रबंध छापून झाला होता, कॉलेजातली जागा तुला मिळाली होती आणि आभारांच्या यादीत शिपायानंतर माझं नाव होतं. सरांकडे गेले, तर ते म्हणाले, 'पुरावा काय?' पुरावा तुझ्या कपाटात होता.

मी शाळेत लागले. बत्तीस वर्षं शिकवलं. सातवीच्या पुस्तकात तुझा शोध आला, तोही शिकवला: अन्न दुर्मिळ झालं की साळिंदर सलग अकरा दिवस बिळाबाहेर पडत नाही, उपाशी राहून तग धरतं. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, 'बाई, मग ते पाणी कुठलं पितं?' मी तिला गप्प बसवलं. आयुष्यात एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही. कारण उत्तर मला माहीत होतं.

त्या अकरा दिवसांत साळिंदर रोज बाहेर पडलं असेल, रोज प्यायलं असेल. बाहेर पडले नव्हते ती मी. तू बहिणीच्या लग्नाला गेली होतीस आणि मी विषमज्वरानं दवाखान्यात पडले होते. राख कुणी पसरलीच नाही. माझी शिस्त तुला माहीत आहे, महिन्याच्या तारखा मी आधीच घालून ठेवायचे. म्हणून पानांवर तारखा होत्या, ठसे नव्हते. तू परतल्यावर मी सांगितलं होतं, ताप आला होता म्हणून. तू लग्नाचे फोटो दाखवण्यात दंग होतीस. मैना आवाज उचलते, पण ऐकत नाही.

दवाखान्याचा तारखांसकटचा कागद माझ्याकडे पहिल्यापासून आहे. तेव्हाच दाखवला असता, तर तू 'नजरचूक' म्हणून चार ओळी दुरुस्त केल्या असत्यास आणि मोकळी झाली असतीस. म्हणून मी थांबले. तू त्या उपवासावर पुस्तकं लिहिलीस, भाषणं दिलीस, आणि आता शनिवारी त्याच शोधासाठी तुझा सत्कार आहे. मी येणार आहे. कागदही येणार आहे.

साळिंदर काटे फेकून मारतं, असं लोक अजून समजतात. आपण दोघींनी खरं काय ते पाहिलंय. ते शत्रूकडे पाठ फिरवतं, आणि शत्रूला वाटतं, घाबरलं. मग ते उलटं धावून जातं आणि काटे रुतवूनच थांबतं. पण मैने, जनावर सभ्य आहे. त्याआधी ते काटे वाजवून इशारा देतं. आज बुधवार आहे. माईक आधी तुझ्या हातात असेल, नंतर माझ्या. तुला हे पत्र मी फक्त त्यासाठी लिहिलं आहे. काट्यांचा आवाज ऐकून घे.

तुझीच,
साळू