एका सरळ रेघेची विनंती

प्रिय सर,

आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. वर्गात तुम्ही जिला ‘मौनीबाई’ म्हणायचात, ती आज आपणहून तुम्हाला लिहिते आहे. फोन केला असता. पण तुमच्याशी बोलताना माझी अजून दातखीळ बसते, आणि तुमचा आवाजही सध्या बसलेला.

अन्ननलिकेच्या कर्करोगावरील ज्या नव्या औषधाच्या चाचणीत तुम्ही आहात, तिच्या कार्यालयात रुग्णांच्या नोंदवह्या मी तपासते. तुम्ही प्रथम आलात तेव्हा वजन नऊ किलो उतरले होते. घास छातीत अडकत होता, आणि ‘दातांचेच दुखणे, नीट चावले जात नाही’ म्हणत तुम्ही तो कित्येक महिने चहाबरोबर ढकलला होता. नवे औषध जुन्याहून सरस आहे का, हे आम्हालाही ठाऊक नाही, तेच शोधायचे आहे, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. त्यावर तुम्ही म्हणालात, “म्हणजे परीक्षा माझी नाही, औषधाची! मग बसतो की.” कपाटाआड उभी राहून मी पोटभर हसले.

काल तुमची वही आली. गिळण्याचा रोजचा आकडा आधी एक, मग दोन, तीन, आणि या आठवड्यात सलग चार. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. चार म्हणजे थुंकीही गिळता येत नाही. गिळणे असे बिघडत गेले तर औषध थांबवायचे, हा नियम. पण समासात तुमचे ते टपोरे अक्षर होते: ‘आज अख्खा टोस्ट, न भिजवता. शाबास!’ सर, जन्मभर गुण दिलेल्या हाताने इथेही गुणच दिले. ज्या शून्यासाठी तुम्ही आम्हाला बाकावर उभे केलेत, ते या वहीत सर्वांत उत्तम आहे.

रुग्णाच्या नोंदीला आम्ही हात लावू शकत नाही, आणि कोणता आकडा लिहावा हेही मी सुचवणार नाही. डॉक्टरबाईंना विचारूनच वही सोबत पाठवते आहे. पहिल्या पानावरचा तक्ता वाचा. चुकले असेल तर खोडायचे नाही, गिरवायचे नाही: एकच सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ही शिस्त मला इथे कुणाला शिकवावी लागली नाही. ती मी तुमच्याकडूनच घेऊन आले. तुमचे औषध चालू राहणार की थांबणार, हे सोमवारी दहा वाजता ठरेल. त्याआधी वही घेऊन या. मी दाराशी उभी असेन, आणि या वेळी बोलेन.

तुमचीच,
मौनीबाई

पाठवले: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.