ह्यांची टेप

४ सप्टेंबर

चौदा फूट! म्हैस साडेसात, शेळी साडेसहा. ह्यांच्या टेपने मोजलं. कपाटात नवी टेप आहे, पण हात ह्यांच्याच टेपकडे गेला.

वही नवी आहे, तेव्हा ओळख करून देते. म्हैस आणि शेळी म्हणजे आमच्या दोन चारचाकी मोटारसायकली. चिखल, वाळू, डोंगर – कुठेही चढतात. थोरली ह्यांची, धाकटी माझी. नावं ह्यांनीच ठेवली. शेळीवर बसणारीला काय म्हणायचं, ते विचारायची मी हिंमत केली नाही.

दोन्ही आता लेकीकडे जायच्या. तिची डोंगरावर रोपवाटिका आहे. ‘तू जागा घे, गाड्या तुझ्या,’ असा ह्यांनी तिला शब्द दिला होता. तिने जागा घेतली. शब्द देणारे सव्वा वर्षापूर्वी गेले. शब्द राहिला माझ्याकडे.

वाट दोन दिवसांची, धुळीची. म्हणून बंद ट्रेलर हवा. तो मीच निवडणार, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलंय. झालं! आता निवडा.

७ सप्टेंबर

वाचनालयातून ट्रेलरवरचं जाडजूड पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण असंच. वजनाचे दहा भाग केले तर सहा भाग चाकांच्या पुढे हवेत, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. म्हणजे म्हैस पुढे, शेळी मागे. संसारातही आमचा हाच क्रम होता. तरी शेपूट मी हलवायचेच.

९ सप्टेंबर

दुकानात गेले. दुकानदार मला काकू म्हणतो. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल, आणि टक्कल माझ्याहून पुष्कळ जास्त.

‘काकू, हा घ्या. आतून बारा फूट.’

म्हटलं, मला चौदा लागतात. मग आसाबद्दल बोलले, वजनाबद्दल बोलले, पेट्रोलची वाफ बाहेर जायला झरोके का हवेत तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ‘काकू, तुम्ही घ्यायला आलाय की विकायला?’

१२ सप्टेंबर

त्याने आतून चौदा फुटांचा दाखवला. पांढरा, झरोकेवाला, मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार होतो. देखणा! पण गाड्या चौदा, ट्रेलर चौदा. पट्टे बांधायला हात कुठून घालू?

सोळा फुटी आहे, पण तो आपल्या पिकअपला ओढवणार नाही. पुस्तकातलं पान काढून दाखवलं त्याला. म्हणाला, ‘मी घरी येऊन माप घेऊ का?’

‘माप घेतलंय,’ म्हटलं. जरा जोरातच.

१५ सप्टेंबर

लेकीची लागवड आजपासून सुरू. फोनवर धापा टाकत होती. ‘आई, चढावर रोपं पाठीवरनं न्यावी लागतायत. तू ट्रेलर बघतेयस की स्थळ? जावई निवडताना एवढी नाकं मुरडली नव्हतीस!’

हसले. जावयाला उंचीची अट नव्हती, म्हटलं.

१८ सप्टेंबर

आठवड्यातून एकदा शेडचं दार सताड उघडून म्हैस दहा मिनिटं चालू ठेवते. बॅटरी उतरू नये म्हणून. वर बसत नाही, बाजूला उभी राहते. डॉक्टरीणबाईसारखी.

पेट्रोल आणि तापलेलं रबर. ह्यांच्या शर्टांना हाच वास यायचा. शर्ट मी धुतले. फार लवकर धुतले.

१९ सप्टेंबर

दुसरं दुकान. तिथला ट्रेलर आतून काळोखा वाटला. बंद ट्रेलर आतून काळोखा असतो, हे मला आज कळलं!

२१ सप्टेंबर

दीर आले. लेकीनेच पाठवले असणार. मी चहा टाकेपर्यंत शेडमध्ये जाऊन मोजूनही आले.

‘वहिनी, तेराच फूट भरतंय की!’

‘चौदा आहे.’

‘तुमची टेप बघू.’ टेप ओढली, आणि भावोजी असे हसले की चहा नाकात गेला. ‘अहो, हिचं टोकच तुटलंय! ही सहापासून सुरू होते. दोन गाड्या, दोनदा सहा इंच. फूटभर हवाच मोजलीत तुम्ही!’

मीही हसले. एवढं जाडजूड पुस्तक वाचलं, आणि टेपचं टोक बघितलं नाही. पांढऱ्या ट्रेलरवाल्याला लगेच फोन केला. तोही हसला. म्हणाला, ‘काकू, पुस्तकात नव्हतं वाटतं हे?’

हसू दे.

२४ सप्टेंबर

म्हैस मी चढवली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर बसले. पाय जेमतेम पोचले. भावोजी उताराशी उभे राहून ओरडत होते – ‘येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे... बस्स!’ हे काम इतकी वर्षं माझं होतं. मी ‘बस’ म्हणायचे आणि हे आणखी दोन बोटं पुढे न्यायचेच.

मीही नेली. दोन बोटं.

मग शेळी. दोन्ही बसल्या, पट्टे आवळले, वर फूटभर जागा उरली. दार लावलं. शेड केवढी मोठी आहे! मोजायची इच्छा झाली नाही.

उद्या पहाटे निघायचं. आलटून पालटून मी आणि भावोजी चालवणार.

२७ सप्टेंबर

काल पोचलो. लेकीने गळ्यात हात टाकले. तिचा सदरा खांद्यावरून सरकला – पट्ट्यांचे वळ, दोन्हीकडे, काळेनिळे. ‘काही नाही गं आई, रोपांच्या टोपल्या.’

टेप माझ्याच हातून तुटली होती, पाच वर्षांपूर्वी. ‘आता अर्धा फूट वजा करत जा बाई,’ असं हे दर वेळी म्हणायचे. चार तारखेला मोजतानाही मला ते आठवत होतं. वजा केलं नाही.

तिला सांगायचंय. आधी इथे लिहून बघितलं.